माफी, तडजोड आणि गप्प बसणे

जालना, अंबड, परतूर या भागातल्या मुस्लिम घरांत बुजुर्ग मंडळी वय सांगताना 'पोलीस ॲक्शनच्या आधीचा' किंवा 'पोलीस ॲक्शननंतरचा' असे सांगत आली. त्याच घटनेचा १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि त्याच घरातली मुले शाळेच्या झेंडावंदनाला जातात. एका इतिहासाची दोन नावे एका छपराखाली नांदतात. ती कशी नांदतात, हा प्रश्न जॉन ब्रुअर या समाजशास्त्रज्ञाचे संशोधन वाचताना मला पुन्हा पडला.

ब्रुअर यांनी आधी ॲबर्डीन व नंतर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात राहून उत्तर आयर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि श्रीलंका येथील हिंसेच्या बळींच्या मुलाखतींवर दीर्घ प्रकल्प चालवला. त्याचा एक ग्रंथ २०१८ साली आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : नेत्यांनी सह्या केल्या की राजकीय शांतता येते, सामाजिक शांतता त्याने येत नाही. ती बळींच्या रोजच्या वागण्यातून येते. आणि तडजोड करायला मनातला राग आधी संपावा लागत नाही. राग मनात असतो, तरी माणूस शेजाऱ्याला सलाम-नमस्कार करतो, त्याच्याकडून सौदा घेतो, त्याच्या मयतीला जातो. ब्रुअर हे ढोंग मानत नाहीत, ते याला तडजोडच म्हणतात.

या मांडणीचे मोल आपल्यासाठी फार आहे. आपल्या लोकांना दोन्हीकडून टोमणे मिळतात. शेजाऱ्याशी गोडीने वागले तर घरचे म्हणतात, लाचार झालास. जुने दुःख बोलले तर बाहेरचे म्हणतात, अजून विसरला नाहीस. मराठीत 'तडजोड' या शब्दालाही जरा कमीपणाचाच वास आहे. 'सुलह' म्हटले की मात्र तोच व्यवहार इज्जतीचा होतो. हुदैबियाच्या सुलहनाम्यात (इ. स. ६२८) 'रसूलल्लाह' हे शब्द खोडावे लागले. हजरत अली (रजि.) यांना ते खोडवले नाहीत, हजरत उमर (रजि.) अस्वस्थ झाले, पण पैगंबरांनी (स.) ते मान्य केले. दोनच वर्षांनी मक्का फतह झाली तेव्हा आम माफी दिली गेली. या दोन प्रसंगांत मला मोठा फरक दिसतो. मक्केत माफ करणाऱ्याच्या हाती सत्ता होती. हुदैबियात ती नव्हती, आणि तरीही शर्ती कागदावर आल्या, दोन्ही पक्षांनी त्या कबूल केल्या.

नेमके येथेच ब्रुअर आपल्याला पुरे पडत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत सत्य आणि समेट आयोग बसला, उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ चा करार झाला. श्रीलंकेत २००९ साली लष्करी विजयाने युद्ध संपले, म्हणून तिन्हींत तोच देश आपल्याला जवळचा वाटतो. आपल्याकडे १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती हैदराबाद संस्थानात फिरली. तिने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांना. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक मिळून किमान पाच हजार, असे तिने नोंदवले. हिंदूंनी मुसलमानांना वाचवल्याच्या हकिकतीही तिने लिहिल्या. हा अहवाल कित्येक दशके सामान्य वाचकापुढे आला नाही. म्हणजे ज्याच्याशी सुलह करायची तो कागदच कपाटात होता. अशा वेळी लोक जे करतात ते तडजोड की नुसते गप्प बसणे, हे ब्रुअर यांच्या मापाने मोजता येत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रझाकारांनी गावोगाव काय केले, हे आपल्या घरांत किती बोलले जाते? कासीम रझवीचे नाव निघाले की आपण विषय बदलतो. शेजारच्या घरात त्या जुलमाची आठवण तितकीच ताजी असते. ब्रुअर यांचा बळी बहुतेक वेळा एका बाजूचा असतो. मराठवाड्यात एकाच गावात दोन्ही बाजूंचे बळी राहतात.

२७ ऑगस्ट २००४, जुम्म्याचा दिवस. जालन्याच्या कादरिया मशिदीवर बॉम्ब फेकले गेले, नमाजी जखमी झाले. त्याच दिवशी परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा येथेही हल्ला झाला. पुढे खटल्यातले आरोपी सुटले. मग जखमींनी माफ कोणाला करायचे? माफीला समोर कोणीतरी लागतो. कायद्याने गुन्हेगारच उरला नसेल तर माफीची जागा सब्र घेतो, आणि सब्र ही एकट्याची गोष्ट आहे. पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीत तेच ते चेहरे, तोच चहा आणि तेच आवाहन असते. सण शांततेत पार पडतो, हे काही थोडे नाही. पण तिथे जुन्या जखमेबद्दल कोणी विचारत नाही. चर्च संस्था म्हणून आपल्याच माणसांपुरते राहिले, वेगळी वाट काढली ती एकेकट्या माणसांनी, असे ब्रुअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उत्तर आयर्लंडमध्ये दिसले. आपल्या जमातींबद्दल आणि मशिदींच्या कमिट्यांबद्दल हे वेगळे लिहावे लागेल असे मला वाटत नाही.

अशी एकेकटी माणसे जालना जिल्ह्यात आहेत. जांबसमर्थचे राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली आले. शिवाजी महाराजांचे नाव घेऊन मुसलमानाला परका ठरवण्याच्या रिवाजाला त्यात ग्रामीण नटांनी हसत हसत हात घातला. हे काम शांतता समितीला जमले नसते. आपल्या मुस्लिम मराठी लेखनात मात्र दंगल येते, मोहल्ला येतो, तलाक येतो; पोलीस ॲक्शन फारच थोडी येते. कवितेत एखादी ओळ, आत्मकथनात एखादा परिच्छेद, की आपण पुढे सरकतो. ब्रुअर यांच्या मुलाखतींतली माणसे निदान बोलली, आणि म्हणून त्यांच्यावर ग्रंथ झाला. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहेत.