मागणीपत्र वाचायचं कसं?

कामगार चळवळीचा इतिहास म्हटलं की आपल्यासमोर सनावळी उभी राहते. १८८४, १८९०, १९२०, १९२८, १९८२. प्रत्येक सनापुढे एक नेता, एक संप, एक जय किंवा पराजय. एक मे आला की आपण ही सनावळी पुन्हा म्हणतो. आज आपण ती थोडी बाजूला ठेवू आणि चळवळीनं स्वतः लिहिलेला एक मजकूर वाचू. तो म्हणजे मागणीपत्र. एखादी कविता वाचताना आपण विचारतो ना, कुठला शब्द आला, कुठला टाळला? तसंच इथेही विचारू.

पहिलं मागणीपत्र सप्टेंबर १८८४ चं. परळच्या सुपारीबागेत सभा भरली. बोलावणारे होते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. त्या निवेदनावर साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या पाचच. आठवड्याला रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा निकामी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय.

आता बघा, यात काय नाही? पगारवाढ नाही! आपल्याला वाटतं की कामगार म्हणजे पैशासाठी भांडणारा. पण इथला माणूस मागतोय तो वेळ. आणि तिसऱ्या मागणीची भाषा पाहा. सुरुवात साडेसहाला, ती घड्याळाची. शेवट सूर्यास्ताला, तो शेताचा. कोकण-देशावरून आलेला माणूस गिरणीच्या भोंग्याला सांगतोय, सकाळ तुझ्या घड्याळानं चालू दे, पण संध्याकाळ आमच्या सूर्यानं होऊ दे. हे एक वाक्य वाचलं की त्या काळच्या कामगाराचं मन जेवढं कळतं, तेवढं पानभर गौरवानं कळत नाही.

रविवारची सुट्टी मिळाली १८९० साली. त्याआधीच्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. आपण रविवारची गोष्ट सांगतो तेव्हा लोखंड्यांचं नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवं. त्या दोघी मात्र गोष्टीतून गळतात.

आता चव्वेचाळीस वर्षं पुढे येऊ. १९२८. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद. दीड लाखाच्या घरात कामगार. गिरणी कामगार युनियन याच लढ्यात जन्मली. तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणी कामगार. संयुक्त संप समितीनं सतरा मागण्या केल्या. हा संप थोर होता, याबद्दल आम्हाला शंका नाही. घरात दाणा नसताना सहा महिने टिकणं सोपं नाही. पण थोर लढ्याचं मागणीपत्रही वाचायला हवं. किंबहुना त्याचंच आधी वाचायला हवं.

गिरणीत विणकामाचं खातं जास्त पगाराचं. तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय सांगत? मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढायचं. तो धोटा मग दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणजे बाट! ही बंदी सवर्ण कामगारांनी सांभाळली आणि मालकांनी चालू दिली. म्हणजे ज्याच्याशी खांद्याला खांदा लावून संप करायचा, त्याच्या ओठांचा धागा चालत नव्हता.

हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. सर्व खात्यांत काम करण्याचा आमच्या लोकांचा हक्क मान्य करा, नाहीतर संपाला त्यांची साथ गृहीत धरू नका, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे पुढाऱ्यांनी ही मागणी नाखुशीनं घेतली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालक म्हणाले की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालकाचा तो उलटवार होता खरा, पण तो वर्मी लागला. कारण त्यात सोयीचं अर्धसत्य होतं.

इथे नेहमी एक आक्षेप येतो. लढाई तोंडावर असताना घरातली भांडणं कशाला? आधी एकजूट, मग बाकीचं. आम्हाला हा आक्षेप उलटा वाटतो. ज्याला विणकामाच्या खात्यात पाय ठेवता येत नाही, त्याच्यासाठी एकजूट ही आधीच फुटलेली आहे. तो ती फोडत नाही, फक्त फट दाखवतो. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या कायद्याविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. प्रश्न विचारल्यानं एकजूट अशक्य होते असं म्हणणाऱ्यांना हा दिवस उत्तर आहे.

मग आपल्या इतिहासकथनाचा दोष कुठला? आपण 'आपण' हा शब्द फार स्वस्तात वापरतो. 'आपण रविवार मिळवला', 'आपण सहा महिने लढलो'. त्या 'आपण'मध्ये खानावळवाली बाई आहे का? गिरणगावात एकट्या राहणाऱ्या पुरुषांना तिनं जेवू घातलं, संपात उधारीवर घातलं. तिच्या उधारीशिवाय संप टिकला नसता, पण कुठल्याही मागणीपत्रावर तिची सही नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठे या बायकांची संघटना झाली.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. मुंबईचा कचरा उचलणाऱ्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली शिक्कामोर्तब केलं. शहर ज्यांच्यावाचून दोन दिवस चालत नाही, त्यांना 'आम्ही तुमचेच कामगार' एवढं सिद्ध करायला वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

तेव्हा यापुढे कुठलंही मागणीपत्र हातात आलं, युनियनचं असो की तुमच्या सोसायटीतल्या घरकामवाल्या बायकांचं, तर दोनदा वाचा. एकदा काय मागितलंय ते बघायला. दुसऱ्यांदा, लिहिताना खोलीबाहेर कोण उभं होतं ते शोधायला.

इथे थांबू.