‘सकृतदर्शनी’ या शब्दाची समीक्षा

आपली समीक्षा कथा-कवितेपाशीच थांबून चालणार नाही. ज्या शब्दांच्या आधारे माणूस तुरुंगात डांबला जातो, ते शब्दही तपासले पाहिजेत. ‘सकृतदर्शनी’ हा त्यांपैकी एक.

शिक्षा द्यायची तर गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. परंतु २००८ साली यूएपीए कायद्यात आलेले कलम ४३-ड (५) सांगते : दहशतवादी कृत्याचा आरोप सकृतदर्शनी खरा मानायला वाजवी आधार दिसला, की जामीन नाही. खटला तर वर्षानुवर्षे चालतो. म्हणजे जो पुरावा शिक्षेला पुरत नाही, तो कैदेला पुरतो!

२०१९ च्या वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची खोल छाननी नको. या वाचनाची किंमत एल्गार परिषद प्रकरणातील माणसांनी मोजली. डॉ. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन आंबेडकर जयंतीला, अटकेत गेले. उच्च न्यायालयाचा जामीन मिळाला १८ नोव्हेंबर २०२२ ला. फादर स्टॅन स्वामी जामिनाची वाट पाहतच ५ जुलै २०२१ रोजी वारले.

व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१९ साली उच्च न्यायालयाने त्यांना जामीन नाकारला. २८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो दिला. इतरांकडे सापडल्याचे सांगितलेली पत्रे म्हणजे ऐकीव पुरावा, त्याचे वजन वरवर तरी जोखलेच पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. कायदा तोच, पत्रे तीच, वाचन बदलले. मधली वर्षे मात्र परत मिळाली नाहीत.

संशयावर माणूस बांधून ठेवणे आपल्या समाजाला नवे नाही. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी द्यावी लागे. कुणी काय केले हा प्रश्नच नव्हता. जन्म हाच पुरावा होता. शाहू महाराजांनी १९१८ साली ती हजेरी बंद केली. आज जन्माच्या जागी न तपासलेला कागद आला आहे.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. पहिल्या दिवशीच्या अटकेला संशय पुरेल. तिसऱ्या वर्षीच्या कैदेला तोच संशय पुरता कामा नये. कैद जसजशी लांबते, तसतसा पुराव्याचा निकषही चढला पाहिजे. हे ज्या व्यवस्थेला मान्य नाही, तिने आरोपीला निर्दोष मानण्याची भाषा तरी करू नये.