डावखुऱ्याचे वर्तुळ

केज, गेवराई, परळी, अंबाजोगाई अशा बीड जिल्ह्यातल्या गावांतली मुले एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी करतात. वस्तुचित्रात वाटीचा काठ, संकल्पचित्रात फूल. दोन्हीकडे मुक्तहस्त गोलाई लागते. ती शिकवताना फळ्यावर बहुधा एकच रीत दाखवली जाते : वरून सुरुवात करा, डावीकडून खाली या, उजवीकडून वर जा. उजव्या हाताला ही रीत चांगली आहे. ती सर्वांसाठी नियम ठरते, तिथे आमचा आक्षेप आहे.

डावा हात म्हणजे उजव्याचे आरशातले प्रतिबिंब. वरून डावीकडे निघालेली पेन्सिल डावखुऱ्याच्या स्वतःच्याच हाताकडे सरकते आणि पुढची वाट हाताखाली झाकली जाते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने निघाल्यास वाट मोकळी दिसते. तरी अनेक डावखुरे उलट दिशेनेच वर्तुळ काढतात, कारण लिपीचे वळणही हातात बसलेले असते. सवयीचा हा प्रभाव मोठा आहे. गूगलच्या ‘क्विक ड्रॉ’ या खेळातील चित्रांच्या २०१७ मधील विश्लेषणात अमेरिकेतील सुमारे ८६ टक्के वर्तुळे काट्यांच्या उलट दिशेने, तर जपानमधील सुमारे ८० टक्के काट्यांच्या दिशेने काढलेली आढळली.

दिशेला दोष मानण्याची चूक शास्त्रज्ञांकडूनही झाली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थिओडोर ब्लाऊ यांनी मुलांना फुल्यांभोवती वर्तुळे काढायला लावली. काट्यांच्या दिशेने वर्तुळ काढणाऱ्यांना पुढे स्किझोफ्रेनियाचा धोका अधिक असू शकतो, असे त्यांनी १९७७ मध्ये सुचवले. नंतरच्या अभ्यासांतून या दाव्याला भक्कम आधार मिळाला नाही. पण अशा शिक्क्याने मुलाचे किती नुकसान होईल, याचा विचार शिक्षकांनीच करावा.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. डावखुऱ्या मुलाला कागद हवा तसा तिरपा ठेवू द्या. मोठ्या वर्तुळासाठी बोटांऐवजी खांद्यापासून हात फिरवायला सांगा. दोन्ही दिशांनी दहा-दहा वर्तुळे काढून घ्या. प्रत्येकाची सर्वांत जास्त रुंदी पट्टीने मोजून सर्वांत कमी रुंदीने भागा. भागाकार १ च्या जितका जवळ, तितकी गोलाई चांगली. जी दिशा सरस ठरेल, ती त्या मुलाची.

पूर्ण झालेल्या वर्तुळाकडे पाहून ते कोणत्या दिशेने काढले, हे परीक्षकाला सांगता येत नाही. मग शिकवतानाच दिशेची सक्ती कशासाठी?