दहा परीक्षक म्हणजे ग्राहक नव्हे

फूड टेक्नॉलॉजी किंवा गृहविज्ञान विभागाच्या ग्रंथालयात प्रबंधांचं कपाट चाळलंत, तर 'नाचणीयुक्त बिस्किटांची निर्मिती आणि गुणवत्ता मूल्यमापन' या वळणाचं एखादं शीर्षक तरी हमखास सापडेल. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून तर हा विषय अजूनच लाडका झालाय. अशा प्रबंधांच्या शेवटी बहुतेकदा एक वाक्य असतं: 'सदर उत्पादन ग्राहकांना स्वीकारार्ह आहे.' माझा आक्षेप या एका वाक्यावर आहे. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर उद्या तेच वाक्य तुमच्याही हातून लिहिलं जाईल, म्हणून आत्ताच बोलूया.

आधी चांगलं काय ते सांगतो. या प्रबंधांतला प्रयोगशाळेचा भाग बहुधा नेटका असतो. ओलावा, प्रथिनं, तंतुमय पदार्थ, बिस्किटाचा कडकपणा, साठवणुकीत तेलाला येणारा खवट वास, हे सगळं नीट मोजलेलं असतं. गाडी घसरते ती चवीच्या चाचणीपाशी.

तिथे काय होतं? विभागातलेच दहा जण, म्हणजे प्राध्यापक आणि एम.एस्सी.चे विद्यार्थी, 'अर्धप्रशिक्षित परीक्षक' म्हणून बसतात आणि नऊ गुणांच्या हेडॉनिक स्केलवर गुण देतात. १ म्हणजे अत्यंत नावडलं, ५ म्हणजे आवडलंही नाही नि नावडलंही नाही, ९ म्हणजे अत्यंत आवडलं. ही मोजपट्टी डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या सुमारास अमेरिकी लष्करासाठी तयार केली. सैनिकांना कोणतं जेवण आवडतं हे शोधायचं होतं, म्हणून विचारलं सैनिकांनाच. ज्याला खायचंय त्याला विचारा, हा त्यामागचा साधा विचार. आपण मोजपट्टी घेतली आणि खाणारा मात्र बाहेर ठेवला.

प्रशिक्षित परीक्षक आणि ग्राहक ही दोन वेगळी कामं आहेत. कडकपणा किती, कडवटपणा किती, हे सांगायला आठ-बारा प्रशिक्षित माणसं पुरतात. तिथे माणूस हेच उपकरण असतं. पण 'आवडलं का?' हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो, कारण प्रशिक्षणानं त्यांचं खाणंच बदललेलं असतं. त्यासाठी अप्रशिक्षित, ते उत्पादन खरोखर खाणारी माणसं लागतात, आणि तीही साधारण शंभरच्या आसपास. शिवाय समोर मैत्रीण ट्रे घेऊन उभी असताना तिच्या बिस्किटाला ४ गुण कोण देणार?

दुसरा घोळ सरासरीचा. समजा, २० टक्के नाचणीच्या नमुन्याला सरासरी ७ गुण मिळाले. सगळ्यांनी ७ दिले तरी सरासरी ७, आणि निम्म्यांनी ९ व निम्म्यांनी ५ दिले तरी ७च! पहिल्या बाबतीत कुणीच फार खूश नाही. दुसऱ्या बाबतीत तुम्हाला तुमचा पक्का ग्राहक सापडलाय, फक्त तक्त्यात तो दिसत नाही.

आणि तिसरा, सगळ्यात मोठा: आवडणं म्हणजे विकत घेणं नव्हे. अमेरिकेत १९८५ साली कोका-कोलानं चव बदलली. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांना ती चाखायला दिली होती आणि नवी चव सरस ठरली होती. तरीही लोकांनी इतका आरडाओरडा केला की ७९ दिवसांत जुनं पेय परत आणावं लागलं. तिथे माणसं कमी नव्हती. घोट आवडला म्हणजे जुनं पेय गेलेलं चालेल, हा अर्थच चुकीचा होता. आपल्याकडे तर दोन लाखांचं काम दहा जणांवर भागतं, आणि किंमत, सवय, घरात खरेदी कोण ठरवतं, यांचा उल्लेखही नसतो.

मग करायचं काय? विषय बदलायची गरज नाही. परीक्षकांकडून फक्त गुणधर्म मोजून घ्या. आवड विचारायला कॉलेजबाहेर पडा. नमुन्यांना तीन अंकी सांकेतिक क्रमांक द्या आणि ते देण्याचा क्रम प्रत्येकासाठी बदला. गुणपत्रिका मराठीत करा, पण नुसतं भाषांतर नको. आपल्याकडे 'बरं आहे' हे कौतुकही असतं आणि सभ्य नकारही, त्यामुळे आधी पाच-दहा जणांवर शब्द तपासून बघा. सरासरीबरोबर गुणांची विभागणी दाखवा. शक्य असेल तर पाकीट आठवडाभर घरी द्या आणि किती उरलं ते बघा.

आणि यातलं काहीच जमलं नाही, वेळ नाही, पैसे नाहीत, तरी एक गोष्ट फुकट आहे. शेवटी एवढंच लिहा: 'विभागातील दहा परीक्षकांना हा नमुना आवडला.' वाक्य छोटं वाटेल, पण खरं असेल. नाहीतर तुमच्या 'ग्राहकांना स्वीकारार्ह' या शब्दांवर विश्वास ठेवून एखादा बचतगट ओव्हन विकत घेईल, आणि बिस्किटं पडून राहतील तेव्हा तुम्ही तिथे नसाल.