कातणं आणि कात्रणं

फोटो कसा पाहावा, याचं शिक्षण आपल्याला लग्नाच्या अल्बममधून मिळतं. आधी स्वतःला शोधायचं, मग आपण बरे दिसतो का ते पाहायचं आणि उरलेल्या वेळात व्याह्यांना नावं ठेवायची. प्रदर्शनात ही पद्धत चालत नाही. तिथल्या फोटोंत आपण नसतोच.

जळगावातल्या एका प्रदर्शनात मात्र, ज्यात आपणही आहोत असं वाटावं, असा एक फोटो भेटला. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईंनी 'लाइफ' साप्ताहिकासाठी १९४६ साली पुण्यात टिपलेला. खाली कुणीतरी चिठ्ठी डकवली होती : 'सूत कातताना गांधीजी'. शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा चष्मा पुसपुसून पाहत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ, हाऊ कोठे काती राहिना? हाऊ ते वाची राहिना!"

झालं! समीक्षा म्हणतात ती हीच. गांधीजींचं कातणं आटोपलं होतं आणि आता ते वर्तमानपत्रांची कात्रणं वाचत होते. कॅमेऱ्याकडे लक्षसुद्धा नाही. बाईंनी चरखा ऐसपैस पुढे घेतलाय आणि माणूस मागे ठेवलाय. पुढाऱ्याला मागे बसवायची छाती आमच्या गावच्या फोटोग्राफरला व्हायची नाही. त्याला पुढचं बिल वसूल करायचं असतं.

बाईंना तरी हा फोटो सुखासुखी कुठे मिळाला? आधी चरखा चालवायला शिका, मग फोटो, अशी चिटणिसांची अट. वर फ्लॅशचे बल्ब तीनच, त्यांतले दोन वाया गेले. आपण एका बारशाला याहून जास्त उजेड पाडतो आणि बाळाचा एकही फोटो धड येत नाही.

पण हा फोटो मुंबईत पाहणं निराळं आणि खानदेशात पाहणं निराळं. कापूस आमचा. तो गाठी बांधून जातो आणि शर्ट होऊन, अंगावर किमतीची चिठ्ठी लावून परत येतो. मधल्या कामाला जळगावात खानदेश मिल होती, धुळ्यात न्यू प्रताप मिल होती. दोन्हींचे भोंगे केव्हाच थांबले.

फोटोत चरखा आणि आपण यांच्यामध्ये कुणीच नाही. कातणारा मागे वाचत बसलाय आणि चरख्याच्या अलीकडची जागा मोकळी आहे, अगदी आपल्या पायांशी. त्या अर्थानं या फोटोत आपणही आहोत. फक्त बसलेले नाही. उभे आहोत, हात मागे बांधून.