पोचपावतीचा प्रश्न: डेटाबेसचा वेग आणि ‘अनेक डोळ्यां’वरची श्रद्धा

मंडळी, मागच्या खेपेला प्रमाणविचारावर बोलताना आम्ही सहज म्हणून गेलो होतो की, आज शब्दप्रमाणाचा सर्वांत जास्त वापर कुठे होत असेल तर तो संगणकाच्या पोटात. व्याख्यान संपल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला जिन्यातच गाठलं. डेटाबेसवर काम करणारी मंडळी होती. म्हणाले, “सर, हे एकदा नीट मांडा, आमच्या धंद्यावर बोला.” आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. सत्तरी उलटल्यावर दुसऱ्याच्या धंद्यात तोंड घालावं की नाही, हा प्रश्नच आहे. पण आमची भाची पुण्यातच पोस्टग्रेसवर काम करते. गेले काही महिने दर रविवारी तिच्याकडून आम्ही शिकवणी घेतली. तेव्हा आज जे बोलणार त्यातलं तांत्रिक ते तिचं, आणि टीका आमची.

टीका दोन समजुतींवर आहे. डेटाबेसची कामगिरी म्हणजे त्याचा वेग, आणि वेग म्हणजे एक आकडा, ही पहिली. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा कोड सर्वांसमोर उघडा असतो, म्हणून त्यातल्या चुका लपून राहत नाहीत, ही दुसरी. वरवर पाहता यांचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. आम्हालाही आधी दिसला नव्हता.

वेगापासून सुरू करू. आपण बँकेत पैसे भरले आणि पडद्यावर ‘व्यवहार पूर्ण झाला’ असं आलं. हे वाक्य म्हणजे काय? ते एक वचन आहे: आता वीज गेली, यंत्र बंद पडलं, तरी ही नोंद जाणार नाही. पूर्वी आपण रजिस्टर पत्र टाकायचो, त्याची पोचपावती सहीनिशी परत यायची. डेटाबेसमध्ये ‘कमिट’ झालं असं कळणं म्हणजे तशी पोच मिळणं. आता गंमत बघा. पत्र पोचवण्याआधीच पोचपावती देऊन टाकली, तर टपालखातं केवढं वेगवान दिसेल!

हे आम्ही विनोदाने म्हणत नाही. जुन्या फिरत्या डिस्कचं गणित आमच्यासारख्यालाही जमतं. मिनिटाला 7200 फेरे, म्हणजे सेकंदाला 120. एकाच ग्राहकाने एकामागून एक व्यवहार करायचे, आणि प्रत्येक वेळी नोंद खरोखर तबकडीवर उमटेपर्यंत थांबायचं, तर सेकंदाला साधारण 120 च्या पुढे जाणं अवघड. तरीही कोणी अशाच डिस्कवर सेकंदाला हजारो व्यवहार दाखवले, तर बहुधा मधेच कोणीतरी, डिस्कच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीने म्हणा, खोटी पोच दिलेली असते. अनुभवी माणसं आकडा बघून आधी हेच विचारतात. मोंगोडीबीचं उदाहरण या क्षेत्रातल्या सर्वांना ठाऊक आहे. 2012 च्या नोव्हेंबरपर्यंत त्याची ठरलेली पद्धत अशी होती की, नोंद पाठवून दिली की पुढे चालायचं, सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहायची नाही. हवं त्याला वाट पाहण्याची सोय होती, पण ती मागावी लागे. त्या काळातले वेगाचे आकडे या जाणिवेने वाचायला हवेत. पोस्टग्रेसमध्येही पोचेची हमी सैल करून वेग वाढवण्याची कळ आहेच. फरक इतकाच, की ती मुळात बंद असते. ज्याने दाबली त्याने जाणून दाबली.

मालकी हक्काच्या डेटाबेसांची गोष्ट तर आणखी निराळी. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड डीविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळे डेटाबेस एकाच कसोटीला लावले. त्यात ओरॅकलची कामगिरी बेताची निघाली. पुढे परवान्यांत असं कलम आलं की, आमच्या परवानगीवाचून आमचे आकडे छापायचे नाहीत. या कलमाला धंद्यात आजही ‘डीविट कलम’ म्हणतात. ज्याचं मोजमाप केलं त्याच्याच नावाऐवजी मोजणाऱ्याचं नाव त्या बंदीला पडावं, हा एक न्यायच म्हणायचा. मुक्तस्रोतात ही बंदी नाही, आणि हे त्याचं खरंखुरं श्रेय आहे. पोस्टग्रेस कोणीही मोजावा, कोणीही आकडे छापावेत. मात्र स्वातंत्र्य आलं म्हणून आकड्यांना अर्थ आला, असं होत नाही. यंत्र कोणतं, पोचेची हमी कोणती, किती वेळ चालवलं, हे न सांगता टाकलेला आकडा म्हणजे पक्ष आहे आणि हेतू नाही असं अनुमान. ते न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्गातही टिकणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. 2018 साली पोस्टग्रेसच्या विकासकांना एक भयंकर गोष्ट उमगली. आपण गेली 20 वर्षं पोच चुकीची वाचत होतो!

घडत होतं ते असं. डेटाबेस नोंद स्वतः डिस्कवर लिहीत नाही. ती कर्नलच्या हवाली करतो. (लष्करातला कर्नल नव्हे, संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा.) कर्नल ती आपल्याजवळ ठेवतो आणि सवडीने लिहितो. डेटाबेस अधूनमधून ‘एफसिंक’ नावाची विचारणा करतो: दिलेलं सगळं डिस्कवर गेलं का? आता सरकारी कचेरीतला आवक-जावकचा कारकून डोळ्यांपुढे आणा. तुमचा अर्ज त्याच्या प्रलंबित ट्रेमध्ये आहे. साहेबांकडे नेताना तो वाटेत कुठेतरी गहाळ होतो. तुम्ही विचारता, “झालं का काम?” तो म्हणतो, “नाही, अडचण आली.” इथपर्यंत ठीक. पण हे सांगतानाच तो तुमचं नाव प्रलंबित यादीतून काढून टाकतो. तुम्ही भाबडेपणाने पुन्हा विचारता, “आता झालं का?” तो यादी पाहतो आणि म्हणतो, “काहीही प्रलंबित नाही.” वाक्य अक्षरशः खरं आहे. आणि तुम्ही आनंदाने घरी जाऊन अर्जाची स्थळप्रत फाडून टाकता.

लिनक्सचा कर्नल नेमकं हेच करत होता. लिहिताना चूक झाली की ती एकदा कळवायची आणि ते पान ‘स्वच्छ’ म्हणून नोंदवायचं. पोस्टग्रेस पुन्हा एफसिंक करी, उत्तर येई ‘ठीक’, आणि मग तो आपली व्यवहारवही, म्हणजे ज्या नोंदवहीतून सगळं पुन्हा उभं करता आलं असतं ती, मोकळी करून टाकी. स्थळप्रत फाडली. जुन्या कर्नलमध्ये तर पहिली तक्रारसुद्धा कधीकधी भलत्याच प्रक्रियेच्या कानावर जायची आणि डेटाबेसला पत्ताच नसे.

इथे आम्हाला आमच्या जुन्या वर्गाची आठवण झाली. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही हे कळतं. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण म्हणून मान्य नाही, तो वाद असू द्या. पण एका अटीवर सगळ्यांचा भर आहे: घट असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. हिलाच योग्यानुपलब्धी म्हणतात. दुसऱ्या एफसिंकला चूक दिसली नाही, यावरून चूक नाही असं मानणं म्हणजे अंधाऱ्या खोलीतलं अनुमान. चूक असती तरी ती दिसणारच नव्हती!

आता ‘अनेक डोळ्यां’कडे वळू. एरिक रेमंड यांनी 1997 मध्ये मांडलेल्या, कॅथीड्रल आणि बाजार यांची तुलना करणाऱ्या निबंधापासून ही श्रद्धा रूढ झाली की, बघणारे पुरेसे असले की दोष फार काळ दडत नाही. निबंध वाचनीय आहे, आणि एका पिढीला त्याने धीर दिला. परंतु पोस्टग्रेसचा कोड उघडा होता, लिनक्सचाही उघडा होता. दोन्हींकडे जगातले उत्तम डोळे लागलेले होते. आणि चूक 20 वर्षं तिथेच. का? कारण ती दोहोंपैकी कुठल्याच कोडमध्ये सुटी अशी नव्हती. ती दोघांच्या मधल्या समजुतीत होती. पोस्टग्रेसवाले पोस्टग्रेसचा कोड बघत होते, कर्नलवाले कर्नलचा. ‘इतक्यांनी पाहिलं, कोणाला दोष दिसला नाही, म्हणून दोष नाही’ हे अनुमान आणि त्या दुसऱ्या एफसिंकचं अनुमान, यांची जातकुळी एकच.

यावर आमच्या भाचीने आम्हाला चांगलंच सुनावलं. “मामा, चूक कर्नलची होती, आमची नाही.” त्या वेळी डेटाबेसवाल्यांमधल्या बऱ्याच जणांना असंच वाटलं होतं. पण कर्नलवाल्यांचीही बाजू ऐकण्यासारखी आहे. कोणी पेनड्राइव्ह लिहिता लिहिता उपसून नेला, तर न लिहिली गेलेली पानं स्मृतीत किती काळ सांभाळायची? यंत्राची सगळी स्मृती त्यातच अडकून बसेल. एक म्हणतो वचन मोडलंस, दुसरा म्हणतो असं वचन मी दिलंच नव्हतं. आम्हाला दोघांचंही खरं वाटतं. करारावर सह्या झाल्या नव्हत्या, नुसती वहिवाट होती.

मात्र या भांडणाचा शेवट आम्हाला फार आवडला. 2019 च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसच्या त्या वेळी चालू असलेल्या सर्व आवृत्त्यांत दुरुस्ती आली. काय दुरुस्ती? एफसिंक फसला, तर पुन्हा विचारायचं नाही. डेटाबेसने स्वतःहून कोसळायचं, आणि परत उठताना व्यवहारवहीतून सगळं नव्याने लिहून काढायचं. स्थळप्रत अजून हातात आहे तोवरच, ‘मला माहीत नाही’ असं कबूल करून बसकण मारायची. वेगाच्या कोष्टकात या गोष्टीला एकही गुण मिळत नाही. आमच्या मते कामगिरी मोजायची तर इथून मोजायला हवी.

आणि हा वाद आपल्याला कळला, कारण तो उघड्यावर झाला. बंद दारांआड असाच दोष सापडला असता, तर पुढच्या आवृत्तीच्या टिपणात एक ओळ आली असती. म्हणून ‘अनेक डोळे’ खोटं ठरलं तरी उघडेपणाचं महत्त्व उणावत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. रेमंड यांनी त्यांची गाठ घातली, ती सोडवायला हवी इतकंच आमचं म्हणणं.

उलट बाजूचं उदाहरण 2024 च्या मार्चमधलं. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचे विकासक, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. डेटाबेसचं बारीक मोजमाप करायचं म्हणून ते यंत्र शांत करत होते. तेव्हा दूरस्थ प्रवेशाच्या एसएसएच या सेवेत काही खटकलं: ती प्रोसेसर फार खात होती, आणि जिथे सुमारे 0.3 सेकंद लागायचे तिथे 0.8 लागत होते. अर्धा सेकंद! आपण असतो तर चहा घेतला असता. ते मागे लागले आणि त्यांना एक्सझेड नावाच्या, फाइली आवळून लहान करणाऱ्या ग्रंथालयात मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. जगभरच्या लिनक्स यंत्रांत ते पसरण्याच्या बेतात होतं. म्हणजे इथे वेगाचं मोजमापच पहारेकरी ठरलं. ज्याला आपलं यंत्र निवांत असताना कसं श्वास घेतं हे ठाऊक आहे, त्याच्यासाठी खोली अंधारी नव्हती.

पण हे चोरदार शिरलं कसं? एक्सझेड सांभाळणारा जवळजवळ एकटा माणूस, फावल्या वेळात, बिनपगारी. मदतीच्या मिषाने एक टोपणनावधारी आला, दोनएक वर्षं खपून त्याने विश्वास मिळवला. सोबतीला काही जण कुरकुरत राहिले, ‘काम संथ चाललंय, दुसऱ्याला हक्क द्या.’ अखेर किल्ली मिळाली. आप्त कोण, या प्रश्नाचं उत्तर न्यायात असं आहे की, ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जी आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. पहिली अट कोड पाहून तपासता येते. दुसरी तपासायला माणसाजवळ बसावं लागतं, आणि थकलेल्या माणसाला तेवढी सवड नसते.

पोस्टग्रेसची स्थिती याहून कितीतरी बरी. तिथे अनेक कंपन्यांचे पगारी लोक आहेत. एंटरप्राइझडीबीचं कार्यालय तर आपल्या पुण्यातच आहे. पण तिथेही एक तिढा आहे, तो स्पष्टच बोलायला हवा. नवं लिहिणारे भरपूर, दुसऱ्याचं तपासणारे तोकडे. नव्या आवृत्तीच्या टिपणात सोयीसमोर नाव येतं ते लिहिणाऱ्याचं. तपासणाऱ्याचं येतं ते शेवटच्या लांबलचक यादीत. मग कोण कशासाठी डोळे शिणवील? आमच्या भाचीचा एक बदल कित्येक महिने कोणी न पाहता पडून राहिला. तिचा राग समजण्यासारखा आहे. आम्ही विचारलं, “त्या काळात तू किती जणांचं तपासलंस?” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “दोन.”

परवा तिला म्हटलं, तुमच्याकडे खरंच एफसिंक फसला तर काय होतं? म्हणाली, डेटाबेस कोसळतो, माझा फोन वाजतो, रात्रीचे तीन असले तरी उठते, आणि व्यवहारवहीतून सगळं परत आलं की नाही ते बघत बसते. मग झोप लागत नाही, म्हणून कोणाचातरी पडून राहिलेला बदल उघडते.

असो. प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने विचारा, आम्हाला हल्ली ऐकू कमी येतं.