जकातीची वही आणि आमची रसिकता

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या एका शाखेचे गाव. या घराण्याची कागदपत्रे वासुदेव वामनशास्त्री खरे यांनी मिरजेस राहून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापिली. त्या श्रमांचे मोल आम्ही जाणतो. तथापि ते खंड पुनः चाळिताना एक उणीव आम्हांस खटकली. आणि ती एकट्या शास्त्रीबोवांची नव्हे, आपणां सर्वांच्या आवडीची आहे. लढाया, तह, सरदारांचे रुसवेफुगवे यांची पत्रे आपण चवीने वाचितो. जकातीचा हिशेब दिसला की पान उलटितो. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून असले उतारे निवडून दिले खरे, परंतु तेही अभ्यासकांच्याच कपाटात राहिले.

वस्तुतः या कागदांत रस नाही असे कोणी म्हणावे? शिवछत्रपतींचे १६७१ चे, कुडाळ प्रांताचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस लिहिलेले मिठासंबंधीचे पत्र पाहा. बारदेशचे, म्हणजे पोर्तुगेजांच्या मुलखातले, मीठ स्वस्त पडते. व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वराकडील मिठाचा धंदा बसेल. सबब बारदेशी मिठावर अशी जबर जकात घ्यावी की ते महागच पडावे. एवढाच मजकूर! पण राजा नुसता हुकूम सोडीत नाही, तो का सोडला हेही हाताखालच्या माणसास समजावून सांगतो. एकही अलंकार नसता हे गद्य इतके घट्ट विणलेले आहे की त्यातून एक वाक्य काढून दाखवावे!

ही जकात बंदरातच संपत नसे. माल भरिला तेथे थळभरीत, विकला तेथे थळमोड, आणि वाटेत नाक्यानाक्यावर निराळी मागणी. या जाचातूनच हुंडेकरी हा वर्ग निपजला. व्यापाऱ्याकडून एकदाच ठरीव रक्कम घ्यावी आणि सगळ्या नाक्यांचा निकाल आपण लावावा, असा त्याचा पेशा. एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात त्याची नोंद केली आहे. आमच्या कादंबरीकारांस मात्र हा मनुष्य अद्यापि भेटलेला नाही.

अमेरिकेत सेलम बंदराच्या जकातघरात हॉथॉर्न १८४६ ते १८४९ कामावर होता. ती नोकरी त्यास रुचली नाही, हा भाग निराळा. परंतु १८५० साली निघालेल्या आपल्या कादंबरीचा आरंभ त्याने त्याच कचेरीच्या वर्णनाने केला. आमच्या वाड्यांच्या माळ्यांवरील मोडी रुमालांतून असे काही निघणे अशक्य नाही. मात्र मोडी वाचणारे थोडे आणि कसर पुष्कळ.

म्हणून पुढील संपादकास आमची एकच विनंती आहे. उत्तम उतारे निवडू नयेत. कोणत्याही एका नाक्याचे एक वर्ष घ्यावे आणि कोणाचा माल, किती बैल, किती जकात, कोणास माफी, हे पहिल्या ओळीपासून बेरजेपर्यंत जसेच्या तसे छापावे.